सही करू का जूनपर्यंत थांबू? भाच्याच्या फुटबॉल कॉन्ट्रॅक्टबद्दल एका मामाचं पत्र

पत्र असं आहे:

"दादा नमस्कार. कोल्हापूरहून लिहितोय, नाव छापू नका, पेठेत सगळे ओळखतात. माझा भाचा २२ वर्षांचा, फुटबॉल खेळतो, लेफ्ट बॅक म्हणजे डाव्या बाजूचा डिफेंडर. तालमीच्या टीमकडून खेळत मोठा झाला, आता बाहेरच्या राज्यात एका क्लबकडे प्रोफेशनल म्हणून आहे. कॉन्ट्रॅक्ट येत्या ३१ मे ला संपतंय, महिना ६० हजार मिळतात. क्लब म्हणतोय आत्ताच नवीन तीन वर्षांची सही कर, ८५ हजार देतो, आणि पुढं आणखी एक वर्ष वाढवायचं का नाही ते क्लब ठरवणार. दुसरीकडं एक एजंट रोज फोन करतोय, सही करू नको, जूनमधे कॉन्ट्रॅक्ट संपून फ्री झालास की मोठ्या क्लबकडून दोन लाख महिना आणि वर साइनिंगचे पैसे मिळवून देतो. पोरगं म्हणतंय एम्बाप्पे, ट्रेंट असल्या मोठ्या खेळाडूंनी हेच केलं, मग मी काय घोडं मारलंय. बहीण म्हणती हातातलं घे, घराचं कर्ज आहे. दाजी गप्प. आणि मला आतून एक खातंय, क्लबनं घडवलं आणि आपण त्यांना एक रुपया न मिळता निघून जायचं, ही गद्दारी नाही का? काय ते सरळ सांगा. काळजीतला मामा."

मामा, नाव नाही छापलं, मामाच म्हणतो.

सरळ सांगा म्हणालात तर आधी उत्तरच सांगून टाकतो. तीन वर्षांच्या त्या कागदावर आहे तशी सही नको, आणि एजंटच्या फोनवर विसंबून जूनपर्यंत थांबणं पण नको. दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट मागा, त्यात रिलीज क्लॉज (ठरलेली रक्कम कुणी आणली की सोडायची अट) मागा, आणि ते वाढीव वर्षाचं ऑप्शन एकतर काढायला लावा नाहीतर त्याची किंमत वसूल करा. का ते आता सांगतो, जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा आणि भाच्याला पण शेजारी बसवा कारण यातलं निम्मं त्याच्यासाठीच आहे.

तुम्ही कोल्हापूरचे म्हणजे ऊस कळतो तुम्हाला. डिसेंबरमधे शेतात उभा असलेला ऊस आणि एप्रिलमधे, कारखान्याचा पट्टा पडायची, म्हणजे गाळप बंद व्हायची वेळ आली तरी तोड मिळाली नाही म्हणून उभा असलेला ऊस, ऊस तोच, पण भाव कोणाच्या हातात असतो? डिसेंबरमधे तुम्ही जरा ताठ असता. एप्रिलमधे रोज वजन घटतंय, तोडणी टोळीचा मुकादम मागेल ती खुशाली देता आणि वर चहा पाजता. क्लबच्या दृष्टीनं कॉन्ट्रॅक्ट संपत आलेला खेळाडू म्हणजे हा एप्रिलमधला ऊस आहे. चार वर्षं बाकी असली की क्लब म्हणतो घ्यायचाय तर एवढे मोजा नाहीतर चालते व्हा. एक वर्ष राहिलं की क्लबला झोप लागत नाही. सहा महिने राहिले की पोरगा सरळ दुसऱ्याशी बोलायला मोकळा, आणि संपलं की क्लबच्या हातात शून्य. म्हणून तुमच्या क्लबला आत्ताच, सप्टेंबरात, सही पाहिजे. प्रेमापोटी नाही. आठ महिने राहिलेत म्हणून.

हे कायम असं नव्हतं बरं का. कॉन्ट्रॅक्ट संपलं तरी जुना क्लब पैसे मागू शकायचा असा काळ होता. बेल्जियममधे जाँ-मार्क बोसमन नावाचा एक साधा खेळाडू, फार मोठा स्टार वगैरे नाही, आरएफसी लिएज क्लबकडे होता. १९९० मधे त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. क्लबनं नवीन ऑफर दिली ती महिना १ लाख २० हजार बेल्जियन फ्रँकवरून थेट ३० हजारावर आणणारी. त्याला फ्रान्समधे डंकर्कला जायचं होतं तर क्लब म्हणाला आधी पैसे. म्हणजे पगार पाव करणार आणि सोडणार पण नाही. माणूस कोर्टात गेला, पाच वर्षं झगडला आणि १५ डिसेंबर १९९५ ला युरोपच्या सर्वोच्च कोर्टानं सांगितलं की युरोपियन युनियनमधल्या खेळाडूचं कॉन्ट्रॅक्ट संपलं की युनियनमधल्या दुसऱ्या देशातल्या क्लबकडे जाताना जुन्या क्लबला पैसे मागता येणार नाहीत. आज खेळाडू 'फ्री' जातात त्याची वाट तिथून मोकळी झाली. बोसमनचं स्वतःचं करिअर मात्र त्या केसमधे संपलं, नंतर दारू, डिप्रेशन, पैशाची तंगी, सगळं झालं. ज्यानं दार उघडलं तो बाहेरच राहिला.

त्यानंतर फिफानं जे नियम केले त्यातले दोन-तीन भाच्यानं पाठ करावेत असे आहेत. कॉन्ट्रॅक्ट जास्तीत जास्त पाच वर्षांचं (देशाचा कायदा जास्त चालवून घेत असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून हालांडचं मँचेस्टर सिटीकडे २०३४ पर्यंतचं निघतं), १८ वर्षांखाली तीन. दुसऱ्या क्लबला कॉन्ट्रॅक्टमधल्या खेळाडूशी बोलायचं असेल तर आधी त्याच्या क्लबला लेखी कळवावं लागतं. आणि खेळाडू नवीन क्लबशी करार करायला मोकळा कधी, तर जुनं कॉन्ट्रॅक्ट संपलं असेल किंवा सहा महिन्यांच्या आत संपणार असेल तेव्हा. तुमचं ३१ मे, म्हणजे डिसेंबर उजाडेपर्यंत भाच्यानं कुठल्याही दुसऱ्या क्लबच्या कागदावर, नॅपकिनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, कशावरच हो म्हणायचं नाही. एजंट सप्टेंबरात रोज फोन करतोय हे मला त्यामुळंच आवडलं नाही.

आता पैशाचं गणित, कारण पोराच्या डोक्यात हेच अर्धवट बसलंय. फ्री गेल्यावर पगार का वाढतो? नवीन क्लबचा मालक एका खेळाडूमागं एकूण किती घालवायचे ते ठरवून बसलेला असतो. समजा दोन वर्षांत ५० लाख. जुन्या क्लबला २० लाख द्यावे लागले तर पोराच्या वाट्याला ३० येतात. फ्री आला तर ते २० वाचले, त्यातले थोडे मालक खिशात घालतो, थोडे एजंट नेतो आणि उरलेले खेळाडूला पगार नाहीतर साइनिंग बोनस म्हणून मिळतात. म्हणजे पैसा आभाळातून पडत नाही, जो जुन्या क्लबला जायचा तोच वळून येतो. पोगबाचं बघा. २०१२ मधे मँचेस्टर युनायटेडकडून युव्हेंटसला गेला तो जवळजवळ फुकट, ट्रेनिंगची किरकोळ भरपाई सोडली तर. २०१६ मधे त्याच युनायटेडनं त्याला परत आणायला ८९ मिलियन पाउंड मोजले, तेव्हाचा वर्ल्ड रेकॉर्ड. आणि २०२२ मधे कॉन्ट्रॅक्ट संपलं म्हणून परत फुकट सोडला, परत युव्हेंटसलाच! आपल्या बाजारात एवढ्या वेळा गंडलेला शेतकरी पण सापडणार नाही.

अर्सेनलची गोष्ट तर जास्तच बोलकी आहे. २०१७ च्या उन्हाळ्यात अलेक्सिस सांचेझ आणि ओझिल दोघांचंही एकच वर्ष उरलं होतं. मँचेस्टर सिटी ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी सांचेझसाठी ६० मिलियन पाउंडच्या घरात द्यायला तयार होती. अर्सेनलला बदली खेळाडू मिळाला नाही, डील फिसकटलं. पाचच महिन्यांनी, जानेवारी २०१८ मधे, तोच सांचेझ मँचेस्टर युनायटेडला गेला आणि अर्सेनलला रोख काहीच नाही, बदल्यात मखितार्यान नावाचा खेळाडू मिळाला. आता दोघांपैकी एक गेला म्हटल्यावर दुसऱ्याला सोडायची हिंमत कोण करणार? ओझिलनं त्याच सुमारास नवीन सही केली ती बातम्यांनुसार आठवड्याला साडेतीन लाख पाउंडवर. खेळ अचानक तेवढा सुधारला नव्हता. कॅलेंडर सुधारलं होतं.

टॉटनहॅमचा एरिक्सन पण असाच, सहा महिने राहिले असताना जानेवारी २०२० मधे इंटरला गेला तो २० मिलियन युरोच्या आसपास, त्याच्या दर्जाच्या मानानं चणेफुटाणे. अपवाद असतात, रिआल माद्रिदनं २०१९ मधे एकच वर्ष उरलेल्या हझार्डसाठी १०० मिलियन युरो मोजले, पण ते माद्रिद आहे, त्यांचं वेगळं.

आता तुमच्या भाच्याचे दोन देव. ट्रेंट अलेक्झांडर-आर्नल्डचं लिव्हरपूलशी कॉन्ट्रॅक्ट ३० जून २०२५ ला संपत होतं. महिनाभर थांबला असता तर पूर्ण फुकट. पण माद्रिदला तो जूनमधल्या क्लब वर्ल्ड कपसाठी हवा होता, तर त्या एका महिन्यासाठी त्यांनी बातम्यांनुसार १० मिलियन पाउंडच्या आसपास मोजले. एक महिन्याच्या सहीची किंमत बघा. आणि त्याच लिव्हरपूलमधे, त्याच सीझनला, सलाह आणि व्हॅन डाइक यांची पण कॉन्ट्रॅक्ट संपत होती, त्यांनी काय केलं? शेवटपर्यंत ताणलं आणि एप्रिलमधे दोघांनी २०२७ पर्यंत सही केली. ताणायचं म्हणजे जायचंच असं नसतं.

एम्बाप्पेची गोष्ट पोरानं रीलवर बघितली असेल, पण रीलमधे मधला भाग कापलेला असतो. जून २०२३ मधे त्यानं पीएसजीला, म्हणजे त्याच्या पॅरिसच्या क्लबला, पत्र दिलं की वाढीव वर्ष मी घेणार नाही, २०२४ ला संपलं की संपलं. क्लबनं काय केलं? जपान-कोरियाच्या टूरवर नेलं नाही, नको असलेल्या खेळाडूंबरोबर वेगळी प्रॅक्टिस, लीगच्या पहिल्या मॅचला बाहेर. सौदीच्या अल हिलाल क्लबची ३०० मिलियन युरोची ऑफर आली ती क्लबनं आनंदानं घेतली असती, त्यानं नाही म्हटलं. २०२४ मधे माद्रिदला फ्री गेला, पण मागचा पगार आणि बोनस धरून ५५ मिलियन युरो पीएसजीकडे अडकले ते अडकलेच. डिसेंबर २०२५ मधे पॅरिसच्या कामगार कोर्टानं क्लबला ६० मिलियन युरोच्या आसपास द्यायला लावले तेव्हा कुठं. म्हणजे जगातल्या पहिल्या दोन-तीनातल्या खेळाडूला, वर्ल्ड कप फायनलला हॅटट्रिक मारलेल्या माणसाला, असं वागवलं. तुमच्या भाच्याला बेंचवर बसवायला कोच दोन मिनिटं पण विचार करणार नाही, मामा, हे कडू आहे पण लिहायला पाहिजे.

थांबायचा जुगार खेळायला तीन गोष्टी लागतात: फिटनेस, शेवटचे आठ महिने खेळायला मिळणं, आणि जूनमधे खरंच कुणीतरी दारात उभं असणं. तिघांपैकी एक निसटली की काय होतं त्याची उदाहरणं पण मोठ्यांचीच देतो, नाहीतर पोरगं म्हणेल काका घाबरवतात. जेसी लिंगार्ड. २०२१ मधे वेस्ट हॅमकडे लोनवर, म्हणजे तात्पुरता उसना, जाऊन गोल वर गोल मारले, भाव वर होता. युनायटेडला परत आला, वर्षभर फारसा खेळला नाही, २०२२ ला कॉन्ट्रॅक्ट संपलं, नॉटिंगहॅम फॉरेस्टला एक वर्ष, मग महिनोन् महिने क्लबच नाही, आणि फेब्रुवारी २०२४ मधे दक्षिण कोरियात एफसी सोल. दे खेया, युनायटेडचा गोलकीपर, बारा वर्षं तिथं. २०२३ मधे कमी पगारावर नवीन करार होणार होता, बातम्यांनुसार त्यानं होकार पण दिला होता, क्लबनं ऐनवेळी ऑफर बदलली. तो बाहेर पडला आणि पूर्ण एक सीझन घरी बसला, ऑगस्ट २०२४ ला फिओरेंटिना मिळाली. त्याच्याकडं वर्षभर बसायची पुंजी होती. तुमच्या बहिणीच्या घराचा हप्ता दर महिन्याला जातो.

आणि दुखापत. अ‍ॅरन रॅमसी इथं हुशार निघाला. अर्सेनलनं २०१८ मधे ऑफर मागं घेतली, त्यानं रडारड केली नाही, सहा महिन्यांच्या नियमात बसल्यावर फेब्रुवारी २०१९ मधे युव्हेंटसशी प्री-कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे जुनं संपायच्या आधीच पुढचा करार, करून टाकलं, पगार डोळे फिरतील असा. एप्रिलमधे हॅमस्ट्रिंग गेली, सीझन संपला. पण कागद झाला होता. कागद झाला नसता तर कुठल्या भावानं बोलणी झाली असती याचा विचार भाच्यानं रात्री झोपताना करावा. लेफ्ट बॅक आहे, दिवसभर वर-खाली पळायचं, आणि एकदा गुडघ्यातली एसीएल लिगामेंट गेली की आठ-नऊ महिने धरून चाला. मार्चमधे गेली आणि मे मधे कॉन्ट्रॅक्ट संपलं तर ऑपरेशनचं बिल, फिजिओ, पगार, सगळं दाजींच्या अंगावर. माझ्या ओळखीतल्या एका पोराचं हुबेहूब असंच झालं, क्लबचं नाव घेत नाही, क्लबनं नियमाबाहेर काही केलं पण नाही, फक्त ३१ मे नंतर कुणी फोन उचलला नाही.

भारतातली परिस्थिती तर आणखी डगमगती. २०२५ च्या उन्हाळ्यात देशाचं फुटबॉल फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला, नवीन काही ठरेना, तर आयएसएलचा, म्हणजे आपल्या सगळ्यात वरच्या लीगचा, सीझनच लटकला. बेंगळुरू एफसीनं ऑगस्टमधे सीनियर टीमचे पगार थांबवल्याचं जाहीर केलं, चेन्नईयिननं काम बंद ठेवलं. ज्यांच्याकडं सही केलेलं कॉन्ट्रॅक्ट होतं त्यांची ही गत, मग ज्यांचं मे मधे संपलं होतं आणि 'जूनमधे बघू' म्हणून थांबले होते त्यांच्याकडं भांडायला निदान कागद तरी होता का? या एका कारणासाठी मी तुम्हाला थांबू नका म्हणतोय. युरोपात थांबणाऱ्याला दहा देशांच्या लीग दिसतात. आपल्याकडं वर बारा-चौदा क्लब, त्यांचं पण काय ते वरचा जाणे.

मग तीन वर्षांची सही का नको, तेवढीच सुरक्षितता? बरोबर प्रश्न आहे, बहीण हाच विचारतेय. लांब कॉन्ट्रॅक्ट पगार शाबूत ठेवतं हे खरंय. बोगार्ड नावाचा डच डिफेंडर २००० मधे चेल्सीला आला, चार वर्षांत डझनभर मॅच खेळला आणि आठवड्याला ४० हजार पाउंड घेत कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत निवांत बसला. लोक हसले, पण कायद्यानं त्याचं काही चुकलं नाही. पण ४० हजार पाउंडावर अडकून पडणं आणि ८५ हजार रुपयांवर अडकून पडणं यात फरक आहे. तीन वर्षं अधिक एक म्हणजे पोरगं २६-२७ चं होईल. फुटबॉलमधली बावीस ते सव्वीस ही वर्षं म्हणजे डिसेंबरमधला ऊस. दुसऱ्याच वर्षी पोरगं चमकलं, दुसऱ्या क्लबनं दोन लाख देऊ केले, तरी तुमचा क्लब म्हणणार अजून दोन वर्षं आहेत, एक कोटी आणा. समोरचा म्हणणार एक कोटीत आम्हाला दोन लेफ्ट बॅक येतात, राम राम. पोरगं परत ८५ वर. कॉन्ट्रॅक्ट लांब आणि पगार कमी असला की खेळाडूच्या कष्टानं क्लबची किंमत वाढते.

म्हणून रिलीज क्लॉज. म्हणजे कागदावर एक आकडा लिहायचा, कुठल्या क्लबनं एवढे पैसे आणले की तुमचा क्लब नाही म्हणू शकत नाही, मग खेळाडू जायला मोकळा. हालांड २०२२ मधे डॉर्टमुंडमधून सिटीला गेला तो अशाच क्लॉजवर, ६० मिलियन युरो, तेव्हा बाजारात त्याची किंमत दुप्पट सहज होती. स्पेनमधे तर कायदाच असा आहे की खेळाडू भरपाई देऊन करार मोडू शकतो, त्यामुळं जवळजवळ प्रत्येकाच्या करारात आकडा असतो, म्हणून बार्सिलोना नेमारला २०१७ मधे अडवू शकली नाही, पीएसजीनं २२२ मिलियन युरो ठेवले आणि उचलून नेला. आकडा किती ठेवायचा ते बोलण्यावर आहे. क्लब वरचा म्हणेल, तुम्ही खालचा म्हणा. मी तुमच्या जागी असतो तर भाच्याच्या एका वर्षाच्या पगाराच्या दोन-अडीच पट म्हणून सुरुवात केली असती आणि तीन पटीवर हो म्हटलं असतं. त्या किमतीत क्लबलाही काहीतरी मिळतं, नवीन क्लबला परवडतं, आणि पोराच्या पगारात पण वाढ उरते.

आणि ते ऑप्शन. 'क्लबला एक वर्ष वाढवायचा हक्क' या ओळीत पोरगा खराब खेळला तर क्लब सोडणार आणि चांगला खेळला तर जुन्या पगारात ठेवणार. दोन्ही बाजूनं मार खेळाडूला. एम्बाप्पेचं ऑप्शन कोणाकडं होतं ते भाच्याला विचारा. त्याच्याकडं होतं, म्हणून तर त्याला पत्र लिहिता आलं. क्लब हट्टालाच पेटला तर म्हणा, ठीक आहे, पण त्या वर्षाचा पगार आत्ताच लिहा, दीडपट, आणि हे ऑप्शन वापरायचं का नाही ते जानेवारीच्या आत लेखी कळवायचं. मे च्या शेवटच्या आठवड्यात कळवलं तर तोवर बाकीच्या क्लबांच्या जागा भरलेल्या असतात.

पगाराचा आकडा बघताना महिने मोजा. ८५ हजार बारा महिने का सीझनपुरते दहा महिने? आपल्याकडं दहा महिन्यांचे करार बरेच असतात आणि पोरं ते घरी सांगतच नाहीत. दुखापतीत पगार चालू राहणार का, ऑपरेशन कोणाच्या पैशानं, आणि विम्याचं काय, हे तोंडी नको. आणि सही झाली की पूर्ण कराराची कॉपी, सगळ्या पानांवर क्लबच्या सहीची, त्याच दिवशी हातात. 'नंतर मेल करतो' ला हो म्हणू नका. पगार थकला तर फिफाच्या नियमात दोन महिन्यांचा थकल्यावर लेखी नोटीस देऊन १५ दिवस वाट बघायची आणि मग करार मोडता येतो. आपल्या फेडरेशनचे नियम साधारण त्याच वळणाचे आहेत पण बारकावे असतात, म्हणून दोन-पाच हजार घालून खेळाचं काम करणाऱ्या वकिलाला एकदा दाखवा. कोर्टातला साधा ओळखीचा वकील नको, त्याला यातलं काही कळत नसतं आणि तो कळतंय असं दाखवतो.

उलट बाजू पण ऐका, घाईनं करार मोडून दुसरीकडं उडी मारली तर काय होतं. अन्वर अली, भारताचा डिफेंडर. दिल्ली एफसीकडून मोहन बागानला चार वर्षांच्या लोनवर होता, २०२४ मधे तो करार मोडला आणि ईस्ट बंगालशी पाच वर्षांची सही. फेडरेशनच्या कमिटीनं सप्टेंबरात चार महिन्यांची बंदी घातली, वर त्यानं आणि दोन्ही क्लबांनी मिळून मोहन बागानला १२ कोटी ९० लाख द्यायचे. प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं, तो आदेश मागं घेतला गेला आणि तो खेळला. पण त्याच्यामागं क्लब उभे होते, वकिलांची फौज होती. तुमच्या भाच्यामागं तुम्ही आहात.

आता हे एजंट महाराज. त्यांना तीन गोष्टी विचारा आणि उत्तरं लिहून घ्या. फिफाचं लायसन्स आहे का (नंबर मागा, फिफाच्या यादीत नाव शोधता येतं). दोन लाख देणारा क्लब कोणता आणि त्यांचा माणूस डिसेंबरमधे, नियमात बसल्यावर, समोर येऊन बोलेल का. आणि जून उजाडला, क्लब आला नाही, तर सहा महिने घरातला हप्ता तुम्ही भरणार का. तिसऱ्या प्रश्नाला तो हसेल. हसू दे. मला शंका अशी आहे की त्याच्याकडं नक्की क्लब नाही, दहा-पंधरा पोरं आहेत ज्यांना त्यानं हाच फोन केलाय, त्यातल्या दोघांचं जमलं की त्याचं कमिशन निघालं. उरलेल्यांच्या जूनशी त्याचा काय संबंध. पण समजा तो खरा निघाला आणि डिसेंबरमधे क्लबचं लेखी प्री-कॉन्ट्रॅक्ट, आकड्यासकट, टेबलावर आलं, आणि तोवर तुमच्या क्लबनं पण दोन वर्षं अधिक क्लॉजला नाही म्हटलेलं असेल, तर मग जा. बिनधास्त जा. सगळा फरक फोन आणि कागद यातला आहे.

एक बारीक मुद्दा राहिला, 'फ्री' हा शब्द २३ वर्षांखाली तितका फ्री नसतो. फिफाच्या नियमात तरुण खेळाडूसाठी ट्रेनिंग कॉम्पेन्सेशन म्हणून भरपाई असते, ज्या क्लबांनी १२ ते २१ वयात घडवलं त्यांच्यासाठी, खेळाडू ज्या वर्षी २३ चा होतो ते वर्ष संपेपर्यंत. देशातल्या देशात किती लागू होते ते वकिलाला विचारा, कारण नवीन क्लब शेवटच्या क्षणी ते कारण सांगून पगार खाली पाडू शकतो.

आणि तुमची गद्दारी. मामा, तुम्ही तालमीच्या वातावरणातले, तिथं पाटाकडीलचा पोरगा उद्या खंडोबाकडून उतरला तर काय होतं ते मला सांगायची गरज नाही. ट्रेंट सहा वर्षांचा असल्यापासून लिव्हरपूलकडे, त्याच शहरातला पोरगा, लीग जिंकून दिली, आणि मे २०२५ मधे अर्सेनलविरुद्ध अ‍ॅनफिल्डवर उतरला तर स्वतःच्याच लोकांनी हूटिंग केलं. लोकांना दुखतं, ते खोटं नाही. पण भाच्याचा क्लब काही तालीम नाही. त्यांनी पोराला सांभाळलं तसं पोरानं त्यांना खेळून दिलं, पगाराच्या बदल्यात काम, ३१ मे ला दोघांचा हिशोब मिटतो. क्लबला तो नको असता तर त्यांनी 'घडवलेला पोरगा' म्हणून एक महिना तरी जास्त ठेवला असता का? बोसमनला त्याच्या क्लबनं पगार पाव करून दाखवला होता. तरी तुमच्या मनाला लागतंच असेल तर रिलीज क्लॉजनं ते पण भागतं. पोरगं गेलं तर क्लबला पैसे मिळतात, तोंड लपवायची वेळ येत नाही. आणि कधी परदेशी क्लबनं पैसे मोजून नेलं तर फिफाच्या नियमानं त्या रकमेतले पाच टक्के १२ ते २३ वयात ज्या क्लबांकडं रजिस्टर होता त्यांच्यात वाटले जातात. फ्री गेला तर त्यातलं काहीच नाही. तालमीकडून खेळताना त्याचं रजिस्ट्रेशन झालं होतं का, त्या वर्षांची कागदपत्रं कुठंतरी आहेत का, हे आत्ताच शोधून ठेवा. असतील तर तालमीच्या ट्रंकेत असतील, उंदरांनी खाल्ली नसली म्हणजे मिळवलं.

तर करायचं काय या आठवड्यात. एजंटला डिसेंबरपर्यंत गप्प बसायला सांगा. क्लबला भाच्यानं स्वतः, नम्रपणे, ईमेलवर कळवायचं की मला इथं राहायला आवडेल, दोन वर्षं, ९५ हजार बारा महिने, रिलीज क्लॉज आणि दुखापतीत पगार चालू. ९५ चं ९० वर येईल, येऊ द्या, क्लॉजवर मात्र हटायचं नाही. उत्तरासाठी ऑक्टोबर अखेरची तारीख द्या. आणि पोराला सांगा, या दोन महिन्यांत एक पण मॅच चुकवू नको आणि प्रॅक्टिसला पाच मिनिटं आधी पोच, कारण कोचच्या तोंडून 'हा पोरगा ठेवा' हे वाक्य निघालं की मालक क्लॉजवर सही करतो. क्लबनं उलट काय लिहिलं ते नावं झाकून मला पाठवा, त्यातल्या ऑप्शनच्या ओळीचा फोटो नीट येऊ द्या.